रोलरच्या शेडमागची माती

दि. ९ एप्रिल, सकाळचे पावणेसात. उत्तरेच्या गोलपोस्टापुढे गुडघे टेकून बसलो होतो आणि हातात गवत होतं.

ती. मामा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीला "बरं बरं" म्हणता, म्हणून लिहितोय. या वेळी "बरं बरं" म्हणून भागणार नाही.

हातात गवत होतं, पण मी ते उपटलं नव्हतं. नुसतं चिमटीत धरून जरा ओढलं, तर एखाद्याच्या डोक्यावरचा टोप निघावा तसा अख्खा पुंजका वर आला. खाली मुळं जवळजवळ नाहीतच. जी आहेत ती बोटाच्या पेराएवढी, विझलेल्या वातीसारखी काळी. तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेलात तेव्हा इथे बशीएवढा एकच पिवळा डाग होता. तुम्ही म्हणालात, कुत्र्याने पाय वर केला असेल. आता सात डाग आहेत आणि सगळ्यात मोठा पावणेतीन फूट भरला. कडेने तांबूस, मधे नुसतं तण. एवढा मोठा कुत्रा नसतो मामा.

सगळे डाग उत्तरेच्या टोकालाच आहेत, सहा गोलापुढे आणि एक कोपऱ्याच्या झेंड्याकडे. दोन वर्षांपूर्वी समितीने तिथली जुनी माती काढून कारखान्यात वाफवलेली पांढरी वाळू भरली ना, नेमकं तिथेच. बाकीचं जुनं मैदान हिरवंगार आहे. वाळू इतकी स्वच्छ असून असं का व्हावं, ते कळत नाही.

काल सचिव आले. त्यांनी टेबलावर चटईचा एक तुकडा टाकला. प्लास्टिकचं गवत.

"ओढ," म्हणाले.

मी ओढलं.

"आलं हातात?"

"नाही."

"हे मरतं का?"

"जिवंतच नाही तर मरेल कसं?" मी म्हणालो. मग आपण उलट बोललो की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

२० जूनला समिती मैदान बघायला येणार आहे. तोवर उत्तरेच्या गोलापुढचं गवत धरलं नाही, तर सगळं मैदान खरवडून प्लास्टिक अंथरायचं असं ठरलंय. प्लास्टिकला दोन माणसं लागत नाहीत, आठवड्यातून एकदा झाडूवाला आला तरी पुरे. म्हणजे तुमची नोकरी, माझी नोकरी आणि शेडशेजारची आपली खोली, तिन्ही गेलं.

काय करू ते लवकर कळवा. टाके निघाले का?

तुमचा भाचा


१६ एप्रिल

फुटपट्टी,

(मी ताई लिहितेय. बाबा पलंगावरून ओरडून सांगताहेत आणि मी जसंच्या तसं उतरवतेय. शेजारणीला वाटतंय आमचं भांडण चाललंय.)

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. दुसरं म्हणजे तू घाबरणारच, तेव्हा घाबरत घाबरत का होईना, काम कर. ही बुरशी आहे. कुत्र्याचं मी चेष्टेत म्हणालो होतो. (चेष्टा नव्हती. ताई.) दोन पोती चुना टाक. त्यानंतर कपाटातल्या वरच्या फळीवर निळा डबा आहे, ते बुरशीनाशक मार. माझ्या हयातीत त्या डब्याने मला दोनदा वाचवलंय.

सचिवाला म्हणावं, गवत प्लास्टिकचं लावताय तर खेळाडूही प्लास्टिकचेच आणा, सरबताचा खर्च वाचेल. नको, म्हणू नकोस. तू खरंच म्हणशील आणि मग आठवडाभर झोपणार नाहीस.

जो काही खर्च होईल तो लिहून ठेव. मी देईन. तुझ्या आईला यातलं काही कळवू नकोस, ती लगेच पिशवी भरून तिथे येईल.

आणि एक. रोलरच्या शेडमागच्या कोपऱ्याला हात लावू नकोस. तिथे गवत माजलंय, तण आहे, दिसायला घाण आहे, तुझे हात शिवशिवत असणार. तू स्वर्गात गेलास तरी आधी तिथली फरशी पुसशील. पण तो कोपरा आहे तसा राहू दे. का, ते आल्यावर सांगेन.

गुडघा उत्तम आहे. (उत्तम नाही. पण "लिही" म्हणाले. ताई.)

मामा


१७ एप्रिल, दुपारचे साडेबारा. जेवण झालं, डबा घासून पालथा घातला आणि लिहायला बसलो.

ती. मामा,

तुमचं उत्तर अजून आलं नाही, पण मला राहवत नाही. दोन बातम्या आहेत, दोन्ही चांगल्या.

परवा मी मुळांसकट गवताचा पुंजका साबणाच्या डबीत घालून बसने शेतीच्या संशोधन केंद्रात गेलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "साबण विकायला आत जाता येत नाही." डबी उघडून दाखवली तेव्हा सोडलं. आत मातीच्या विभागात एक बाई आहेत. त्यांनी मुळं भिंगाखाली धरली आणि मलाही बघायला लावली. मुळांवरून काळे बारीक दोरे धावत होते. बाई म्हणाल्या, ही बुरशी. ती मूळ कुजवते, मग गवत वरून हिरवं दिसतं आणि पहिल्या कडक उन्हात आडवं होतं.

"यावर माझ्याकडे एक गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "जीवाणू."

"म्हणजे रोगजंतू?"

"म्हणजे राखणदार. हे मातीतलेच असतात. मुळाभोवती बिऱ्हाड करतात. सगळ्या खोल्या भरल्या की बुरशीने राहायचं कुठे? शिवाय शेजारी म्हणून हे फार खाष्ट असतात, तिला सोसवणार नाही असं काहीबाही सोडत राहतात."

जीवाणू हा शब्द त्यांनी कागदावर लिहून दिला, मी तसाच उतरवलाय. नववीत माझी शाळा सुटली तोवर आमच्या पुस्तकात ते नुसते आजार आणायचे.

बाईंना खऱ्या मैदानावर ते वापरून बघायचेच होते, म्हणून दोन कॅन फुकट दिले. ताकासारखं गढूळ पाणी आहे. ऊन उतरल्यावर फवाऱ्याने द्यायचं, वरून भरपूर पाणी सोडून मुळांपर्यंत पोचवायचं आणि त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळायचं नाही. काल संध्याकाळी सगळं नीट केलं. फवाऱ्याची टाकी त्या म्हणाल्या साध्या पाण्याने खळबळून घ्या, पण आपल्या टाकीत काय काय भरलेलं असतं ते मला माहीत आहे. मी ती ब्लीचिंग पावडरने दोनदा घासली. आत वाकलो तर डोळे चुरचुरले, इतकी स्वच्छ.

दुसरी बातमी. सचिव म्हणाले, "तुमच्या शेडमागे जंगल झालंय, समितीला तेच आधी दिसेल." म्हणून दोन दिवस खपून मी तो कोपरा साफ केला. वीतभर खोल खणून काढला. चार ट्रॉली माती निघाली. समोरच्या रोपवाटिकेच्या मावशींनी ती फुकट नेली, मला ट्रॉलीचं भाडंही पडलं नाही. आता तिथे पाच घमेली खडी पसरलीय. तुम्ही आल्यावर ओळखणार नाही.

तुमचा भाचा


२० एप्रिल, सकाळचे अकरा. पोस्टमन अजून फाटकातच आहे.

मामा,

कोपरा गेला. तुमचं पत्र आज आलं. माझं तुम्हाला पोचलं असेलच, म्हणजे तुम्हालाही कळलं असेल.

शिव्या द्या, पण लिहा. तिथे काय होतं? काही पुरलं होतं का? खणताना मला फक्त एक गंजका नळ आणि एक फुटका चेंडू सापडला. दोन्ही जपून ठेवलेत.

चुन्याचं बाईंनी त्या दिवशीच बजावलं होतं. त्या म्हणाल्या, चुना चिमूटभरही नको, ही बुरशी चुन्याने जास्तच फोफावते. बुरशीनाशकालाही नको म्हणाल्या होत्या, त्यात राखणदारही मरायचे. तुम्ही दोन पोती म्हणता आणि मी एकही टाकणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकत नाहीये. हे लिहिताना कसं वाटतंय ते सांगता येत नाही.

उलट टपाली लिहा.

तुमचा भाचा


९ मे, संध्याकाळचे सहा. पाणी सोडून आलोय, पाय अजून ओले आहेत.

ती. मामा,

तीन आठवड्यांत तुमच्याकडून एक ओळ नाही. ताईनेही फोन उचलला नाही. मी समजायचं ते समजलो. तुम्ही रागावलात की ओरडत नाही, बोलायचंच थांबता. मी लहानपणी तुमची सायकल तेलाने पुसता पुसता ब्रेकही पुसले होते, तेव्हा तुम्ही असेच गप्प झाला होतात. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

डाग वाढलेत. सगळ्यात मोठा आता चार फूट आहे आणि दोन डाग एकमेकांना टेकलेत. मी रोज सकाळी प्रत्येक डागातला पुंजका ओढून बघतो. रोज हातात येतो. मधेच वाटतं तुमच्या निळ्या डब्याला हात घालावा. मग वाटतं नको. फळीवरून तो डबा तीनदा खाली काढला आणि तीनदा पुसून वर ठेवला.

आज बाई स्वतः मैदानावर आल्या. बराच वेळ मातीत बोटं घालून बसल्या. मग म्हणाल्या, "यांनी बिऱ्हाड केलेलंच दिसत नाही. टाकी कशाने धुतलीत?"

"ब्लीचिंग पावडरने," मी म्हणालो. "दोनदा."

बाईंनी डोक्याला हात लावला. हाताला माती होती, तीही कपाळाला लागली.

"मग खळबळून घेतलीत ना पुन्हा?"

"नाही. म्हटलं वास राहिलेला बरा, उरलेसुरले जंतू मरतील."

"मेले," बाई म्हणाल्या. "माझे."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडत नाहीत अशीच माणसं माझ्या वाट्याला येतात. जुलैपर्यंत त्यांच्याकडे नवीन कॅन होणार नाहीत. समिती २० जूनला येणार. मी म्हटलं, हे राखणदार तुम्ही मुळात आणले कुठून? त्या म्हणाल्या, एका जुन्या शेतातून. तिथे हाच रोग आला होता, दोन-तीन वर्षं राहिला आणि मग कोणी काही न करता निघून गेला. रोग दमला की समजायचं, मातीत त्याचे वैरी माजलेत. त्या मातीतूनच त्यांनी हे वेगळे काढले.

"तुमच्या मैदानावर अशी जागा आहे का? रोग आला आणि आपसूक गेला अशी?"

मी नाही म्हणालो. मी इथे चारच वर्षं आहे. हे फक्त तुम्हाला माहीत असेल, आणि तुम्ही बोलत नाही.

रागावून का होईना, एवढं तरी कळवा.

भाचा


१५ मे

अरे वेड्या,

मी ताई. बाबा रागावलेले नाहीत. बाबा दवाखान्यात आहेत. तुझं कोपऱ्याचं पत्र आलं त्याच दिवशी त्यांचा गुडघा टोमॅटोसारखा लाल झाला आणि ताप चढला. जखमेत पू झाला होता. पुन्हा उघडून धुवावा लागला. तुला कळवलं नाही, कारण तू मैदान सोडून धावत आला असतास. फोन मी मुद्दामच उचलला नाही, माझा आवाज ऐकून तुला कळलं असतं. चूक माझी.

आता ताप नाही. पण जालीम औषधांनी पोटाचे हाल झाले, तेव्हा डॉक्टरांनी कसल्या पुड्या दिल्या. बाबांनी विचारलं, "ही कसली भुकटी?" डॉक्टर म्हणाले, "चांगले जीवाणू. औषधाने तुमच्या पोटातले वाईटांबरोबर चांगलेही मेले, ते पुन्हा वस्तीला पाठवायचे." आज तुझी तिन्ही पत्रं मी त्यांना एकदम वाचून दाखवली. ब्लीचिंग पावडरपाशी आले तर इतके हसले की नर्स धावत आली. आता पुढचं ते सांगतील तसं:

फुटपट्टी, मी आयुष्यभर जंतू मारले आणि आता दिवसातून दोनदा गिळतोय. तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं चुन्याचं मी मागे घेतो.

आता नीट ऐक. मी कामाला लागलो तेव्हा शेडमागे गवताचा राखीव तुकडा होता. मैदानावर कुठे खड्डा पडला की तिथून चौकोन कापून आणायचा आणि बसवायचा. पहिल्याच उन्हाळ्यात त्याला हे असेच डाग पडले. हीच काळी मुळं, हाच टोप. औषधाला पैसे नव्हते, मैदानाला पुरवून काही उरत नव्हतं. म्हणून मी तो तुकडा सोडून दिला. पहिली दोन वर्षं सडला. तिसऱ्या वर्षी आपोआप भरून आला आणि पुन्हा कधी आजारी पडला नाही. का, ते मला तेव्हाही कळलं नाही. मी म्हटलं, जे आपल्या हाताने बरं झालं नाही त्याला आपण हात लावू नये. म्हणून तुला नको म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं.

तुझ्या बाईंना हवी ती जागा तीच. तू ती फुकट दिलीस. आता ऊठ आणि रस्ता ओलांड.

मामा


२४ मे, दुपारचे दोन. सावलीत बसलोय, नखांत माती आहे आणि ती मी काढलेली नाही.

ती. मामा,

तुम्ही रागावला नव्हता हे वाचलं आणि पत्र हातात घेऊन शेडमागे जाऊन बसलो. खडीवर. मग रस्ता ओलांडला.

"मावशी, ती माती आहे का?"

"कुठली? तुम्ही टाकून गेलात ती? कुंड्यांत भरली, कुंड्या विकल्या. गुलाब काय फुललेत तिच्यात!"

"सगळी विकली?"

त्यांनी ताडपत्रीकडे हनुवटी केली. खाली कमरेएवढा ढीग होता. मला त्या ढिगाला मिठी मारावीशी वाटली.

"ही मला हवी."

"टोपलीला वीस."

"पण मावशी, ती माझीच होती."

"म्हणूनच वीस. दुसऱ्याला पंचवीस."

चौदा टोपल्या निघाल्या. दीडशे लगेच दिले, बाकीचे पगारावर. मावशी मागून म्हणाल्या, "पुढच्या वेळी काही फेकायचं असलं की आधी मला सांगा हं, मी लगेच घेईन."

बाईंना बोलावलं. त्यांनी माती हुंगली, पिशवीत थोडी नेली आणि साफ सांगितलं की हमी देत नाही. या मातीबरोबर बुरशीही येईल आणि तिचे वैरीही येतील. कोण जिंकेल ते वरून दिसत नाही. शिवाय त्यांनी एक आंबट खत सांगितलं, तेही एक पोतं आणलं. बुरशीला चुना आवडतो ना, तिला आंबट आवडत नाही.

परवा संध्याकाळी काम केलं. लोखंडी काट्याने दर चार बोटांवर भोकं पाडली, माती वाळूत मिसळून भोकांत दाबली, वर गवताचं बी टाकलं. नळाचं पाणी आदल्या दिवशीपासून पिंपांत उघडं ठेवलं होतं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. माती चाळायला घेतली होती. चाळता चाळता मनात आलं की एकदा धुऊन घ्यावी. मग तिथेच थांबलो आणि चाळणी कुलपात ठेवून किल्ली बाईंकडे दिली.

सहा डागांना माती पुरली. सातव्याला उरली नाही. तो कोपऱ्याच्या झेंड्याकडचा आहे. त्याला नुसतं खत आणि बी. मी त्याच्याकडे बघायचं टाळतो.

रोज सकाळी पुंजके ओढून बघतोच आहे. अजून हातात येतात. मी काल एका डागातले पाच ओढले, पाचही आले. परवा चार आले होते. म्हणजे रोग वाढतोय का? कोणाला विचारू?

तुमचा गुडघा?

भाचा


४ जून

फुटपट्टी,

हे मी स्वतः लिहितोय. ताई बाजारात गेलीय. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

दर सकाळी उपटून बघशील तर मूळ धरेल कधी? रोप तुझ्यासाठी दर दिवशी नव्याने सुरुवात करणार का? बुरशीने मारलं नाही तेवढं तू मारशील. जखमेवरची खपली मी बघायला काढत होतो तेव्हा नर्सने माझ्या हातावर फटका मारला. मी इथून तुझ्या हातावर मारू शकत नाही, म्हणून लिहितोय.

डागांभोवती दोरी बांध. २० तारखेपर्यंत दोरीच्या आत पाऊल नाही. नुसतं पाणी. राहवलं नाही तर तो गंजका नळ साफ कर, शेड धू, सायकलचे ब्रेक पूस, आता मी चालवत नाही.

बिघडलं तरी तू बिघडवलंस असं मी म्हणणार नाही. एवढं कागदावर देतो, जपून ठेव.

मामा


२१ जून, सकाळचे सव्वासात. उत्तरेच्या गोलपोस्टाला टेकून बसलोय. हातात काही नाही.

ती. मामा,

दोरी बांधली आणि आत पाऊल टाकलं नाही. बारा दिवसांत शेड तीनदा धुतली. सचिवांनी विचारलं, "इथे कोणी वारलं का?"

काल दहाला समिती आली. चौघे होते. मागून बाईही आल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. सचिवांच्या काखेत प्लास्टिकचा तो तुकडा होता. डाग अजून दिसतात, ते लपवता येत नाही. कोवळं गवत पोपटी आहे आणि कडेचं जुनं गडद, म्हणजे गोधडीला ठिगळं लावल्यासारखं. सचिव सरळ झेंड्याकडे गेले. बाकी सहा सोडून नेमके सातव्याकडे. वाकले, चिमटीत धरलं, ओढलं. टोप हातात.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, आणि पुंजका असा उंच धरला की खालची काळी मुळं दिसावीत. "अडीच महिने याच्यावर घालवले."

माझं तोंड आपोआप चाललं. मी म्हणालो, "साहेब, आता इकडचं ओढा."

"काय फरक आहे?"

"ओढा तर."

ते दोरी ओलांडून गोलापुढे आले. एका हाताने ओढलं. आलं नाही. जरा जोर केला. पाती तुटली, पुंजका जागेवर. मग प्लास्टिक खाली ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि असा हिसका दिला की ते स्वतःच मागे बसले. ओल्या मातीत, पॅन्टसकट. समितीतले सगळ्यात म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सोडा हो, ते सोडत नाहीये." सगळे हसले. मी हसलो नाही, मला हसायचं सुचलं नाही.

बाईंनी खुरप्याने एक छोटा तुकडा काढून दाखवला. मुळं बोटभर लांब होती मामा. पांढरी. मी जवळून बघितलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो.

म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "हे मातीने झालं, खताने झालं, की ऊन कमी झालं म्हणून?" बाई म्हणाल्या, "खत आणि ऊन तर झेंड्याकडच्या डागालाही तेवढंच मिळालं. माती तेवढी मिळाली नाही. पण एका डागावरून मी शपथ घेणार नाही. अजून एक वर्ष बघू द्या." माती संपली म्हणून जे झालं ते त्यांनी असं सांगितलं की जणू आम्ही ठरवूनच केलं होतं. समितीने एक वर्ष दिलं. प्लास्टिकचा तुकडा सचिव विसरून गेले, तो मी शेडच्या दारात पाय पुसायला टाकलाय.

जाताना सचिवांनी वही काढली. म्हणाले, "खोली आता तुझ्या एकट्याच्या नावावर करायची ना?"

मी म्हटलं, "मामांच्या नावावरच राहू द्या. ते येतील तेव्हा..."

ते म्हणाले, "त्यांनी तर मार्चमध्येच कळवलंय, गुडघा आता मैदानाचं काम करू देणार नाही, परत येणार नाही. तुला माहीत नाही? तुलाच नेमा म्हणून लिहिलं होतं. मी म्हटलं होतं, आधी मैदान वाचवतो का बघू."

म्हणजे "का, ते आल्यावर सांगेन" असं तुम्ही लिहिलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की तुम्ही येणार नाही. ताईलाही ठाऊक होतं. ती कंसात एवढं सगळं लिहिते, हे तेवढं लिहिलं नाही.

काल मी तुमच्यावर खूप रागावलो. तुमची खाट बाहेर काढली, उन्हात ठेवली, झटकली, पुसली आणि परत आत ठेवली. मग राग थोडा उतरला. मला आधी कळलं असतं तर मी घाबरून सगळं मैदान ब्लीचिंगने धुतलं असतं, हेही खरं आहे.

पण कामाला येऊ नका, नुसते या. गोलपोस्टामागे खुर्ची टाकतो. तिथून ओरडा. माझ्या हातावर मारायला कोणीतरी जवळ हवं.

खर्च लिहून ठेव म्हणालात, तो असा:

संशोधन केंद्राच्या बसच्या चार फेऱ्या: ४८
आपलीच माती, चौदा टोपल्या: २८०
आंबट खत, एक पोतं: ११०
कोपऱ्यावरची खडी, पाच घमेली (आता काढून टाकली): ६०
ब्लीचिंग पावडर: १५
एकूण: ५१३

देणं:
रोपवाटिकेच्या मावशींचे १३०, पुढच्या पगारावर.
बाईंचे दोन कॅन, रिकामे, न धुता परत करायचे.
तुमचा कोपरा, चार ट्रॉली. पैकी एक टोपली आज सकाळी पहिल्या डागातून गवतासकट काढून शेडमागे बसवली. बाकी देणं आहे. त्या कोपऱ्याला मी हात लावणार नाही.

भाचा